गंजाडच्या मेंढ्या आणि माझा उजवा डोळा

नाशिकहून डहाणूकडे जाणारी एसटी सकाळी सुटली तेव्हा माझ्याजवळ दोन पेट्या होत्या. लहान पेटीत कपडे. मोठीत बारीक स्क्रूड्रायव्हर, चिमटे, भिंगं पुसायचे कागद, वंगणाच्या डब्या आणि माझा स्वतःचा एक जुना सूक्ष्मदर्शक. शाळा-कॉलेजांतले आणि दवाखान्यांतले सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणं हा माझा सव्वीस वर्षांचा धंदा. दमट हवेच्या गावांत भिंगांवर बुरशी धरते, स्क्रू गंजतात, म्हणून थंडी सरली की दर वर्षी मी डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत आठवडाभर फेरी मारतो. ही हकिगत २०१७च्या फेब्रुवारीअखेरची. पालघर जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, तरी रस्त्याकडेच्या कितीतरी पाट्यांवर अजून ‘जि. ठाणे’ असंच लिहिलेलं होतं.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत गाडी चारोटीला उतरली. घाटातला गारवा खाली येताच संपला. महामार्ग ओलांडून आम्ही डहाणूच्या रस्त्याला लागलो आणि गंजाडजवळ मागचं चाक बसलं. कंडक्टर म्हणाला, “अर्धा-पाऊण तास जाईल. पाय मोकळे करून घ्या.”

मी उतरलो. हवेत मोहाच्या पहिल्या फुलांचा आंबूस-गोड वास होता. रस्त्याच्या डाव्या हाताला कापलेल्या भाताचं शेत, आणि त्या शेतात शंभर-सव्वाशे मेंढ्या. ऊन डोक्यावर आलेलं होतं. चरायचं सोडून सगळ्या मेंढ्या एकमेकींना चिकटून गोल करून उभ्या होत्या, तोंडं आतल्या बाजूला. कुणी नाक जमिनीला टेकवलेलं, कुणी शेजारणीच्या लोकरीत खुपसलेलं. मधूनच एखादी पाय आपटायची, मान झटकायची आणि परत नाक लपवायची. लांबून पाहिलं तर नुसत्या पाठींची एक भिंत रचल्यासारखी दिसत होती, डोकं एकीलाही नाही.

ऐनाच्या झाडाखाली एक बाई काठीवर हात ठेवून बसली होती. पंचेचाळिशीची असेल. मी जवळ जाऊन विचारलं, “चरत का नाहीत हो?”

“माशी उठलीय,” ती म्हणाली. “ऊन तापलं की उठती, उतरलं की बसती. मंग चरतील.”

“कसली माशी?”

“नाकातली.”

मी कळपाभोवती डोळे ताणून पाहिलं. डास, चिलटं, दोन-चार साध्या माश्या. वेगळं काहीच दिसेना. तसं म्हटल्यावर ती म्हणाली, “ती अशी दिसत न्हाई, भाऊ. मेंढरं सांगत्यात, ती आलीय म्हणून.”

तिचं नाव शेवंताबाई. सिन्नर तालुक्यातली. मी नाशिकचा म्हटल्यावर तिनं लगेच बसायला घोंगडी पुढे केली, “मंग गावचंच की तुमी.” दिवाळी झाली की हे लोक घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात. भात कापून रिकाम्या झालेल्या शेतात मेंढ्या बसवायच्या, म्हणजे रात्री वाघूर (जाळीचं कुंपण) लावून त्यात कोंडायच्या. लेंड्या-मुताचं खत शेताला मिळतं, मेंढपाळाला बदल्यात भात आणि चारा. पावसाच्या तोंडावर परत वर घाटावर. यंदा शेवंताबाईचा नवरा अर्धा कळप घेऊन विक्रमगडच्या बाजूला होता, आणि उरलेला कळप ती आणि तिचे सासरे तात्याबा सांभाळत होते.

तात्याबा गोलाच्या पलीकडे उभे होते. सत्तरी उलटलेला, ताठ कण्याचा म्हातारा. त्यांच्यापुढे दोन मेंढ्या गोलापासून सुटून एकट्याच फिरत होत्या. दोघींची मान एका बाजूला कलंडलेली. दोघी एकाच जागी डावीकडे डावीकडे वळत राहायच्या, खुंटीला बांधलेल्या असाव्यात तशा. त्यातल्या थोराड मेंढीच्या गळ्यात घंटा होती. तिचा श्वास घोरल्यासारखा वाजत होता आणि नाकपुड्यांतून दाट, रक्ताची रेघ असलेला शेंबूड लोंबत होता. ती मैना, कळपाची पुढारीण. रस्ता ओलांडायचा असो की ओढा, मैनेनं पाय टाकल्याशिवाय मागची एकही हलत नाही. दुसरी धवळी, पांढऱ्या तोंडाची, दोन वर्षांची.

“डोक्यात पाणी झालंय दोघींच्या,” तात्याबा मला म्हणाले. “मी लहानपणापासनं बघतोय. असली मेंढी वाचत न्हाई. खाटकाला देऊन मोकळं व्हायचं.”

“मामा, धवळीचं तसं असंल,” शेवंताबाई बसल्या जागेवरून म्हणाली. “मैनेच्या नाकातून येतंय बघा किती. धवळीचं नाक कोरडं हाय. दोघींचं एकच दुखणं कसं असंल?”

सून खालच्या आवाजात मला म्हणाली, “मैना गेली तर मी एकटी हा कळप कसा हलवू?”

हलवायची वेळ मात्र आलीच होती. आमचं बोलणं चालू असताना शेताचा मालक रघू बांधावरून आला. चाळिशीचा, गंजाडचाच शेतकरी. भात आणि नागली पिकवणारा. घरी सात शेळ्या. तो बोलायला अवघडत होता.

“ताई, मी काय बोलणार नाय होतो. पण पाड्यातली माणसं बोलतात. आमच्या शेळ्या पण आता शिंकतात. म्हणतात, तुझ्या शेतातल्या मेंढरांनी रोग आणला. शनिवारपर्यंत हलवा.”

“पुढच्या तीन शेतांचं ठरलंय आपलं,” शेवंताबाई म्हणाली.

“ते पण नाय सांगतात आता.”

तो गेल्यावर शेवंताबाईनं मला समजावून सांगितलं. एका गावानं रोगाच्या नावानं हाकललं की ती बातमी मेंढपाळांच्या पुढे चालते. इथून तलासरीपर्यंत कोणी शेतात पाय ठेवू देणार नाही, आणि घाटावर तर पाऊस पडेपर्यंत गवताची काडी नाही. पोटातली पिल्लं घेऊन मेंढ्यांनी रस्त्याच्या कडेला राहायचं कसं?

तेवढ्यात मैनेनं दोन-तीन जोरात शिंका दिल्या आणि माझ्या चपलेशेजारी काहीतरी पडलं. मी वाकलो. बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, मळकट पिवळ्या रंगाची एक अळी. पाठीवर काळसर पट्टे. ती लगेच भेगेकडे सरकू लागली. मी ती खिशातल्या चिमट्यानं उचलली आणि भिंगाच्या रिकाम्या डबीत टाकली. बसचा हॉर्न वाजला.

“हे काय करता?” शेवंताबाईनं विचारलं.

“बघतो. माझ्याकडे यंत्र आहे.”

“बघून काय ते आमाला बी सांगा,” ती म्हणाली.

डहाणू रोड स्टेशनाला लागून मसोली आहे. तिथे माझा कॉलेजातला मित्र सुधाकर याची चिकूची वाडी. मी दर वर्षी त्याच्याकडेच उतरतो. तोडणीचे दिवस होते. पडवीत चिकूंच्या क्रेट रचलेल्या होत्या आणि चिकाचा वास घरभर होता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि जवळ्याची चटणी असं जेवण झालं. सुधाकरच्या बायकोनं, कुंदावहिनींनी, एकच अट घातली होती. डबीतलं ते जे काही आहे ते स्वयंपाकघराच्या आत येता कामा नये.

संध्याकाळचा उजेड असताना पडवीत सूक्ष्मदर्शक मांडला. अळीच्या तोंडाशी दोन काळे, चकचकीत आकडे होते, मासे पकडायच्या गळासारखे वाकडे. पोटाखाली काट्यांच्या ओळी, सगळे मागे झुकलेले. मागच्या टोकाला दोन काळ्या चकत्या. सुधाकरनं डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. “हे नाकात?” एवढंच त्यानं विचारलं. वाडीत आयुष्य गेलेल्या माणसाला किडे नवीन नसतात. पण फळातला किडा आणि जिवंत जनावराच्या नाकातला किडा यांत फरक आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

बुधवारी डहाणूतल्या एका शाळेचे नऊ सूक्ष्मदर्शक उघडले, पुसले, जुळवले. गुरुवारी तलासरीला गेलो. तिथल्या कॉलेजचं काम दुपारपर्यंत संपलं, आणि मी डबी खिशात घालून जनावरांच्या दवाखान्यात शिरलो.

डॉक्टरबाई पस्तिशीच्या असतील, मूळच्या यवतमाळकडच्या. बाहेर दोन गाई आणि एक पाय मोडलेली शेळी होती. मी माझं काम सांगितलं तशी त्या म्हणाल्या, “सूक्ष्मदर्शक दुरुस्त करता? मग आधी आमचा बघा. सहा महिने झाले, सगळं जग धुक्यात दिसतंय.”

भिंगावर बुरशीची जाळी होती. मी ती काढेपर्यंत त्यांचे रुग्ण संपले. मग त्यांनी डबीतली अळी काचेवर घेतली.

“नाकातल्या माशीची अळी. पूर्ण वाढलेली. हिचा मुक्काम संपला होता, म्हणून बाहेर पडली. माशी पाहिलीत?”

“नाही.”

“मीसुद्धा नोकरीत दोनदाच पाहिलीय. मधमाशीएवढी, करडी. ही अंडी घालत नाही. अंडी पोटातच फुटतात, आणि ती उडता उडता मेंढीच्या नाकावर जिवंत अळ्या पिचकारीसारख्या सोडते. बसतसुद्धा नाही. त्या अळ्या टाचणीच्या टोकाएवढ्या. नाकातून वर चढतात, कपाळाच्या पोकळीत जातात, आणि तिथे काही आठवडे, कधी काही महिने वाढतात. मोठ्या झाल्या की परत खाली येतात, मेंढी शिंकते, अळी मातीत जाते. मातीत तिचा कोष होतो आणि त्यातून माशी.”

“आणि माशी काय खाते?”

“काही नाही. तिला खायला तोंडच नसतं. खाणं सगळं मेंढीच्या नाकात उरकलेलं असतं. बाहेर आल्यावर थोडे दिवस जगते, आपलं काम करते, मरते.”

मी शेतात पाहिलेला तो गोल मला आठवला. जिला खायला तोंड नाही, जी चावत नाही, जी दिसतसुद्धा नाही, तिच्या भीतीनं सव्वाशे जनावरं भर दुपारी उपाशी उभी होती.

मैना आणि धवळीबद्दल सांगितलं तेव्हा त्या गंभीर झाल्या. “नाकातल्या अळ्या फार झाल्या तर मेंढी मान वाकडी करते, गोल फिरते. आणि मेंदूत पाण्याची गाठ झाली तरी अगदी तशीच फिरते. पहिलीला औषध आहे. दुसरीला आपल्याकडे जवळपास नाहीच. हात लावून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.”

गंजाड त्यांच्या तालुक्यात येत नव्हतं. त्यांनी डहाणूच्या सहकाऱ्याला फोन केला. तो लसीकरणात अडकला होता. बाईंचं घर डहाणूतच. “शनिवारी दुपारनंतर चारोटीवरून वळसा घालून येते,” त्या म्हणाल्या. “पण तोवर त्यांना कुठे जाऊ देऊ नका.”

तलासरीहून परत येताना हमरस्त्याला एका टपरीवर उबाडियुं मिळालं. वालपापडी, रताळी, कोनफळ आणि हिरवं वाटण मडक्यात भरून, मडकं उलटं घालून पालापाचोळ्याच्या जाळात भाजायचं, असा हा प्रकार. टपरीवाला गुजरातीत भाव सांगायचा, मराठीत आग्रह करायचा आणि हिंदीत पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा. “काका, चटणी तीखी छे हं, जपून घ्या,” तो म्हणाला. मी जपून घेतली नाही, आणि चारोटीपर्यंत पाणी पीत आलो.

शुक्रवारी साडेअकरा-बाराला मी गंजाडला पोचलो. शेवंताबाईला सगळं सांगितलं. ती प्रत्येक गोष्ट परत विचारून घेत होती. मातीत किती खोल जाते, पावसात मरते का, शेळीला होतं का. शेळीलाही होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. ते ऐकून ती रघूच्या घराकडे पाहत राहिली.

मेंढ्यांनी पुन्हा गोल केला होता. मला ती माशी पाहायचीच होती. मी गोलाच्या अगदी कडेला, एका मेंढीच्या तोंडाशी वाकून उभा राहिलो. दहा मिनिटं गेली असतील. कानाशी एक बारीक गुणगुण आली आणि उजव्या डोळ्यावर काहीतरी आपटलं, कुणी वाळूची चिमूट फेकून मारावी तसं. डोळा मिटला. उघडला तेव्हा समोर काहीच नव्हतं.

“काय झालं?”

“चिलट गेलं बहुतेक.”

शेवंताबाई उठून जवळ आली. “चिलट न्हाई ते. माशी मुतली डोळ्यात. आमच्यात सगळ्यांना झालंय कधी ना कधी. चोळू नका.”

पाऊण तासात डोळ्यातून धार लागली. आत काहीतरी चालतंय, पापणीच्या आतल्या बाजूनं सरकतंय, हे मला स्पष्ट कळत होतं. तात्याबांनी मला आडवं केलं आणि शेवंताबाईनं तांब्यानं पाणी सोडलं. उपयोग झाला नाही. मी वरवर शांत होतो, पण आतून पार हललो होतो. माझ्या धंद्यात उजवा डोळाच सगळं करतो. भिंगातला ओरखडा, अर्ध्या केसाएवढा फरक, हे सव्वीस वर्षं त्याच डोळ्यानं पाहिलेलं. ते दोन काळे आकडे मी स्वतः पाहिले होते. आता ते कुठे रुतत असतील, हा विचार मला सोडत नव्हता.

शेवंताबाईनं रघूला बोलावून आणलं. त्यानं काही न विचारता मोटारसायकल काढली. “धरून बसा, काका. डोळा मिटून ठेवा. मी खड्डे चुकवतो.”

डहाणूतले डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते आणि गुजराती-मराठी एका वाक्यात बोलत. मी सांगितलं ते ऐकून ते हसले नाहीत की दचकले नाहीत. “मेंढीवाली माखी (माशी),” ते म्हणाले. “बेसी जाव (बसा). हनुवटी इथे.”

डोळे तपासायचं ते यंत्र मी चांगलं ओळखतो. तोही एक सूक्ष्मदर्शकच, आडवा बसवलेला. त्या बाजूला मी आजवर कधी बसलो नव्हतो. प्रकाशाची उभी पट्टी डोळ्यात आली.

“छे, आहेत,” डॉक्टर म्हणाले. “एक, दोन... चालतायत. उजेड पडला की पळतात कोपऱ्यात. थेंब टाकतो, मग सुस्त होतील.”

डोळा बधिर करायचे थेंब टाकून त्यांनी बारीक चिमट्यानं एकेक अळी काढली. आठ निघाल्या. पापणी उलटी करून परत पाहिलं. मग सलाइननं डोळा धुतला.

“आकडा रुतवतात, म्हणून खुपतं. पण माणसात मोठ्या नाय होत. तुम्ही त्यांना चालत नाही. वरचा पडदा थोडा खरचटलाय, भरून येईल. आठ दिवस थेंब. यंत्र बंद.”

“नजर?”

“नजर सारी छे (नजर चांगली आहे),” ते म्हणाले. मग मला नीट कळावं म्हणून पुन्हा मराठीत, “काही झालेलं नाही, काका.”

खुर्चीतून उठलो तेव्हा रघूनं माझा दंड धरला.

आठही अळ्या मी सलाइनच्या बाटलीत मागून घेतल्या. रघू मला मसोलीला सोडायला आला. मी त्याला पडवीत बसवलं, डाव्या डोळ्यानं सूक्ष्मदर्शक जुळवला आणि म्हटलं, “बघा.”

तो वाकला. “पांढरा दिसतो. हलतो.” मग थोड्या वेळानं, “आकडा हाय त्याला. दोन हायत.”

“हेच शेळ्यांच्या नाकात.”

रघू सरळ झाला. “मंग मेंढरं गेली का माशी पण जाईल?”

“शिंकेतून पडलेली अळी मातीत जाते. तिथेच माशी होते. माती तर इथेच राहणार आहे, तुमची.”

“म्हणजे नुसतं हाकलून काय फायदा नाय.”

“डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध द्यायचं तर मेंढ्या-शेळ्या सगळ्यांना एकदमच द्यायला हवं.”

“आमच्या शेळ्यांना पण देतील?”

मी त्याच्यासमोरच फोन लावला. बाई म्हणाल्या, पाड्यातल्या सगळ्या शेळ्या शनिवारी एका ठिकाणी आणून ठेवा. रघूनं बाटली मागून घेतली, वर धरली, उजेडात पाहिली. “ही मी नेतो,” तो म्हणाला. “लोकांना दाखवतो. मी सांगून कोण ऐकणार नाय.”

शनिवारी मी पोचलो तेव्हा शेतात एकवीस शेळ्या बांधलेल्या होत्या, आणि त्यांच्या मालकिणी बांधावर रांगेनं बसल्या होत्या. ती बाटली हातोहात फिरत होती. कुणी मेंढपाळांना हलायला सांगितलं नाही, कुणी राहा असंही म्हटलं नाही. सगळे डॉक्टरबाईंची वाट पाहत होते.

बाई चारला आल्या. आधी त्यांनी मैनेचं डोकं दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि अंगठ्यानं कवटी इंच-इंच दाबत गेल्या. तात्याबा समोर उकिडवे बसले होते. “सगळीकडे घट्ट आहे,” बाई म्हणाल्या. मग धवळी. उजव्या शिंगाच्या खुणेमागे त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तात्याबांचा हात धरून तिथे ठेवला. “दाबा. बेतानं.”

तात्याबांनी दाबलं. “मऊ लागतंय.”

“आतल्या गाठीनं हाड पातळ केलंय. तुमचं हिच्याबाबतीत बरोबर होतं, बाबा. ही जगणं कठीण.”

“आन् मैना?”

“मैनेबाबत तुमच्या सुनेचं बरोबर वाटतंय.”

तात्याबा सुनेकडे पाहून म्हणाले, “धवळीचं नाक कोरडं हाय, असं ती पहिल्याच दिशी म्हणली हुती.” शेवंताबाई पदर सारखा करत दुसरीकडे पाहू लागली.

धवळीची गाठ कुठून आली, तेही बाईंनी सांगितलं. कुत्र्याच्या पोटात एक चपटा जंत असतो, त्याची अंडी गवतावरून मेंढीच्या पोटात जातात आणि मेंदूत गाठ धरतात. मेंढी मेली की तिचं डोकं कुत्र्यांना टाकलं जातं, आणि जंत परत कुत्र्यात. “डोकं कधीही कुत्र्याला घालू नका. कुत्र्यांना मी गोळ्या देते.” तात्याबांनी ऐकून घेतलं. मान डोलावली नाही.

मग दोन तास टोचणं चाललं. शेवंताबाई मेंढी धरायची, बाई कातडीखाली सुई घालायच्या, रघू टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर गेरूचा ठिपका देऊन सोडून द्यायचा. माझ्याकडे सिरिंज भरून देण्याचं काम होतं. एकच डोळा उघडा असल्यामुळे ते मी फार हळू करत होतो. शेवटी शेळ्या. बाईंनी सगळ्यांना बजावलं, आता काही आठवडे यांचं दूध घ्यायचं नाही आणि कुणालाही कापायचं नाही, औषध अंगात असतं.

“चार दिवसांत मैना सरळ चालली तर समजा नाकच होतं,” जाताना त्या म्हणाल्या.

मंगळवारी, निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलल्यावर मी शेवटचा गंजाडला गेलो. रघूच्या शेताचे दिवस भरले होते, आणि रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यानं कळप त्याच्या शेतात बसवायला मागितला होता. त्याच्याही शेळ्यांना शनिवारी टोचलं होतं. शेवंताबाई वाघरीचे खुंट उपटत होती. मैना आत उभी होती. मान अजून किंचित कललेली, पण नाक जवळजवळ साफ. शनिवारनंतर दोन दिवस तिनं शिंकून शिंकून घाण काढली, असं शेवंताबाईनं सांगितलं.

जाळी बाजूला झाली. कळप जागचा हलला नाही. शेवंताबाईनं हाक मारली नाही, काठी उचलली नाही, नुसती वाट सोडून उभी राहिली. मैनेनं डावीकडे अर्धी गिरकी घेतली. ती थांबली, शिंकली, आणि सरळ चालायला लागली. बांध चढली, रस्त्याच्या कडेला थांबून दोन्हीकडे पाहिलं, ओलांडून पलीकडे उतरली. तिच्यामागे सव्वाशे मेंढ्या एका ओळीत गेल्या. पूर्ण कळप गेल्यावरच शेवंताबाई हलली. तिनं डोळे पुसले आणि खुंट गोळा करायला वाकली.

सगळ्यांच्या मागून तात्याबा आले. धवळीला चालवत नव्हतं. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं होतं, पुढचे पाय एका हातात, मागचे दुसऱ्या. “औषध टोचलंय,” मी न विचारताच ते म्हणाले. “कुणाच्या पोटात जायला नको. राहू दे जवळ, राहील तोवर.”

बुधवारी सकाळी डहाणूहून नाशिकची गाडी धरली. गंजाडला गाडी थांबली नाही. रघूचं शेत रिकामं होतं, लेंड्यांनी काळं झालेलं. जव्हारचा चढ लागला तसा गारवा आला, आणि मी डोळ्यात थेंब घातले. या रस्त्यानं मी दर वर्षी जातो-येतो आणि खिडकीतून मेंढ्या पाहतो. मेंढ्या म्हणजे मेंढ्या, त्या पलीकडे मी कधी गेलो नव्हतो. चाक बसलं नसतं तर यंदाही गेलो नसतो. सूक्ष्मदर्शक पेटीत घेऊन फिरणाऱ्या माणसाला ही गोष्ट थोडी लाजेची वाटली, आणि ती मी इथे लिहून ठेवतो.

घरी आल्यावर डोळा आठवड्यात बरा झाला. पुढे गुढीपाडव्याच्या सुमाराला रघूचा फोन आला. शेळ्या शिंकायच्या थांबल्या होत्या. कळप चौथ्या शेतात होता. मैना पुढे चालत होती.

“आन् धवळी गेली,” तो म्हणाला. “चार दिवस झाले. म्हाताऱ्यानं माझ्याकडून कुदळ मागून नेली. म्हटलं, कशाला एवढं खणतो, बाबा, मी येतो मदतीला. तर नको म्हणाला. एकट्यानं खणलं. कमरेएवढा खड्डा. तिला पुरली आणि वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून.”

सत्तर वर्षांत त्या माणसानं किती मेंढ्यांची डोकी कुत्र्यांपुढे टाकली असतील. शनिवारी डॉक्टरबाईंचं ऐकताना त्यांनी मानसुद्धा डोलावली नव्हती.